शेवटचा शब्द कानाचा

१४ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

फोन बिघडलाय, म्हणून पत्र. नाहीतर मी आणि पत्र! तुझी आई असती तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं असतं.

तू जाऊन आज वीस दिवस झाले. घर बरं आहे. मी बरा आहे. जेवतो. आईचे कपडे कपाटात तसेच ठेवलेत, तू म्हणशील तसं करू. तिचा चष्मा सापडला, साखरेच्या डब्यामागे होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्याच्यासाठी तिनं अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतंय ना? आता सापडून काय उपयोग. पण पुसून ठेवलाय.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार वाजतं असं ती म्हणायची. मी म्हणायचो, अजिबात वाजत नाही. या मुद्द्यावर आमचं वर्षभर भांडण चाललं. परवा मी त्याला आतून दोन क्लिपा बसवून टाकल्या. आता वाजत असेल तरी सांगणारं कोणी नाही.

मुलांना गणित शिकवायचं काम कसं चाललंय? पोरं त्रास देतात का? तूही काही कमी नव्हतीस म्हणा.

तुझा,
बाबा

ता.क. निघताना तू दारात काहीतरी म्हणालीस. त्यावर मी जे म्हणालो ते ठीकच होतं ना? सहज विचारतोय.

२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'फोन दुरुस्त झाला की कळवा. तब्येतीची काळजी घ्या.' दारातल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. राग आहे, हे मला कोणी समजावून सांगायला नको. हा तुसडेपणा माझ्याकडूनच आलाय तुझ्यात, आईकडून नक्की नाही.

फोन दुरुस्त झाला. पण पत्र लिहायची गोडी लागली म्हणून लिहितोय. इतकंच.

समोरच्या वहिनी काल घरात आल्या त्या थेट मागच्या दारानं. म्हणे, दहा मिनिटं बेल वाजवत होत्या. मी म्हटलं, बेल बिघडली असेल. त्या बाहेर गेल्या, बटण दाबून आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी विषय बदलला. खिशातली क्लिप काढून त्यांना दाखवली, कारण कारखान्यात मी नक्की काय करायचो ते त्यांना कधीपासून जाणून घ्यायचं होतं.

म्हटलं, वहिनी, गाडीच्या दाराला आतून हे जे प्लॅस्टिकचं पॅनल असतं ना, ते पत्र्याला कशानं धरून असतं? स्क्रू नाही, खिळा नाही. ही अंगठ्याएवढी क्लिप. पत्र्याच्या भोकात दाबायची. हिचे हे दोन पंख आत जाताना मिटतात, पलीकडे गेले की उघडतात. खट्! बसली. आणि डोक्याखाली ही मऊ छत्री आहे ना, खरं काम हिचं. ती पत्र्याला टेकून बसते आणि गाडीचा सगळा हादरा पिऊन टाकते. छत्री कडक झाली की पंख भोकाच्या कडेला घासतात, दार किरकिरायला लागतं, आणि लाखांची गाडी गिऱ्हाइकाला भंगार वाटते.

वहिनी म्हणाल्या, केवढीशी गोष्ट! असंच काहीतरी म्हणाल्या असाव्यात. मी हसलो, त्याही हसल्या, तेव्हा बरोबरच असणार.

माझी मुलगी या क्लिपा माझ्यापेक्षा चांगल्या करायची, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

अजून आठवड्यातून दोनदा कारखान्यात जातो, सल्लागार म्हणून. निवृत्त माणसाला घरात बसवत नाही. परवा एका नव्या क्लिपेची चाचणी आहे. साहेबांनी मुद्दाम निरोप पाठवलाय की कान हवाच. अजून तिथं मला कान म्हणतात बरं का.

बाबा

१९ नोव्हेंबर

ठमे,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता फाडणार नाही. चुकलेलं खोडून पुढे जाईन.

नव्या क्लिपेच्या चाचणीला गेलो. सगळं तेच. शीतपेटीत उणे वीस अंश, आत हादऱ्याच्या टेबलावर दाराचं पॅनल बसवलेलं, बाहेर पडद्यावर आवाजाचा आलेख, आणि भोवती दहा-बारा माणसं हातात वह्या घेऊन. पेटी उघडायची, टेबल चालूच ठेवायचं, मी वाकून पॅनलला कान लावायचा, आणि मी 'शांत' म्हटलं की मंजुरीच्या कागदावर सही. आलेख काहीही दाखवो, शेवटचा शब्द कानाचा. चाळीस वर्षं हा रिवाज आहे. मीच पाडलेला, आणि त्याची घमेंड बाळगणाराही मीच.

क्लिप एका नव्या इंजिनिअर मुलीची होती. तुझ्याएवढीच असेल. ती पडद्यावर बोट ठेवून उभी होती. आलेखाच्या उजव्या टोकाला, म्हणजे बारीक, उंच आवाजाच्या बाजूला, छोटासा उंचवटा होता. मी कान लावला. ती माझ्याकडे बघत होती. तू बघितलं होतंस अगदी तसंच.

ठमे, मला काहीही ऐकू आलं नाही.

क्लिप शांत होती म्हणून नव्हे. टेबल चालू होतं ते मला पायाखालच्या फरशीतून कळत होतं. मागे लोक बोलत होते ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण कानात नुसता कापूस.

हे नवीन नाही. तुझ्या क्लिपेच्या आधीपासून असंच आहे. तुझ्या क्लिपेच्याही आधी एक वर्ष.

आईला सगळ्यात आधी कळलं. कपडे धुवायचं यंत्र काम संपलं की पीं पीं करतं, मी त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत असायचो आणि ढिम्म हलायचो नाही. तिनं मला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत आणि बाकीचेही हळूहळू जातील. कानात घालायचं यंत्र दिलं. मी ते मोज्यांच्या खणात टाकलं. कारखान्यात सगळे ज्याला कान म्हणतात, त्यानं कानात यंत्र घालून जायचं? मी तुझ्या आईला शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही, ठमीला तर मुळीच नाही. ती रडली, पण तिनं पाळलं.

मग तिनं माझ्यासाठी एक युक्ती काढली. चारचौघांत माझ्या शेजारी बसायचं. कोपराला एक टिचकी म्हणजे कोणीतरी तुमच्याशी बोलतंय. दोन टिचक्या म्हणजे बेल किंवा फोन. तुम्हा सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्यांना प्रेमाचं भरतं आलंय. तू चेष्टाही करायचीस. आणि उत्तरं देण्यासाठी माझ्याकडे तीनच वाक्यं होती. 'बरं', 'बघू' आणि 'नको आता'. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि तिन्हींतलं एक ठेवून द्यायचं. तुला सांगतो, या तीन वाक्यांवर माणसाचा संसार चालतो.

आता टिचकी मारणारं कोणी नाही. बसल्या बसल्या हात आपोआप कोपराकडे जातो.

तर त्या नव्या मुलीसमोर मी तोंड उघडलं. 'शांत' हा शब्द ओठांवर आला होता. खोटं कशाला बोलू, आला होता. तेवढ्यात माझं बोट चुकून पॅनलच्या कडेला लागलं आणि बोटाला गुदगुल्या झाल्या. बारीक, सुईच्या टोकाएवढी थरथर. कान मेला तरी बोट जिवंत होतं. मी बोट तिथंच ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मला ऐकू येत नाही. गेली साडेतीन वर्षं ऐकू येत नाही. ही पोरगी काय म्हणतेय ते लिहून घ्या, तिचं बरोबर आहे."

बाकीचं पुढच्या पत्रात लिहितो.

बाबा

५ डिसेंबर

प्रिय ठमे,

आता खरं पत्र. मागचं पत्र म्हणजे नुसती लाज होती. हे पाप आहे.

तुला सगळं आठवतच असेल, पण मला ते माझ्या हातानं लिहायचंय. तुझी क्लिप सगळ्यांना आवडली होती. आधी छत्री वेगळी असायची, बसवताना गळून पडायची, कामगार वैतागायचे. तू कडक पंख आणि मऊ छत्री एकाच साच्यात, दोन प्लॅस्टिकं ओतून, एकजीव केलीस. लाइनवरच्या बायका तुला म्हणाल्या, पोरी, आमचे अंगठे वाचवलेस. त्या दिवशी मी घरी येऊन तुझ्या आईला तेच चारदा सांगितलं. पाचव्यांदा ती म्हणाली, अहो, पुरे.

चाचणीच्या दिवशी तू पडद्यावरच्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणालीस, "सर, थंडीत छत्री कडक होतेय. किर्र आवाज येतोय. मला अजून चाळीस तास द्या, मी मऊ जातीचं मटेरियल लावून बघते." कारखान्यात तू मला सर म्हणायचीस. मी कान लावला. काही आलं नाही. आणि मी दहा माणसांत तुला हसलो. म्हणालो, "कानात वारं शिरलंय का तुझ्या? शांत आहे. कर सही." सगळे हसले. तूही हसलीस. स्वतःच्या कानापेक्षा तुझा माझ्या कानावर जास्त विश्वास होता ना! तू सही केलीस.

पहिल्याच हिवाळ्यात तक्रारी आल्या. अकरा हजार गाड्यांची दारं उघडावी लागली. चौकशीला साहेबांनी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारला. "कानाचं काय म्हणणं होतं?"

मला तेव्हा माहीत होतं, ठमे. तिथं बसल्या बसल्या मला पक्कं माहीत होतं की तुला ऐकू आलं होतं आणि मला नाही. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो? "मी ऐकला तो नमुना शांत होता. नंतर डिझाइनमध्ये कोणी काही बदललं असेल तर मला कल्पना नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू गळ्यातलं ओळखपत्र काढलंस, टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. मी मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत बसलो. स्वतःच्या पोरीवर खापर फोडून मी संध्याकाळी घरी आलो, हात धुतले आणि जेवलो. जेवलो! तुझ्या आईनं ताटही घेतलं नाही. तिनं विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यानंतर महिनाभर ती मला टिचक्या मारत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती.

तुला वाटलं, आपल्याला हे काम जमत नाही. म्हणून तू क्लिपा सोडल्यास आणि पोरांना गणित शिकवायला लागलीस. गणित वाईट आहे असं नाही. पण तुझे हात क्लिपांसाठी होते, आणि ते मी मोडले.

आता ऐक. काल साहेबांच्या खोलीत जाऊन जुनी फाइल मागितली. ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचं प्रकरण आता कशाला उकरताय, सन्मानानं घरी बसा. (हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. आता मी खिशात वही ठेवतो, लोक त्यात लिहितात. अर्धा कारखाना माझ्याशी वहीत बोलतो, आणि उरलेला अर्धा बोलतच नाही.) मी उठलो नाही. शेवटी फाइल आली. मंजुरीच्या कागदावर 'कान' असा रकाना आहे, त्यात माझी सही. तिच्याखाली मी लिहिलं, 'त्या दिवशी मला ऐकू येत नव्हतं. डिझायनरनं हरकत घेतली होती. तिचं बरोबर होतं. चौकशीत मी खोटं बोललो.' तारीख टाकली. साहेबांची सहीही घेतली. प्रत सोबत जोडली आहे.

त्याच फाइलमध्ये तुझ्या हातची चिठ्ठी सापडली, मऊ जातीच्या मटेरियलची. साच्याला हात न लावता फक्त छत्रीचं मटेरियल बदला, असं तू लिहिलं होतंस. आज त्या अकरा हजार गाड्यांच्या दारांत जी क्लिप बसली आहे ती हीच, ठमे. तू गेल्यावर त्यांनी तुझीच चिठ्ठी वाचून ती केली. तुझं नाव कुठंच नाही. तेही आता फाइलवर लिहिलंय.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू? फक्त एवढं लक्षात ठेव की तुला बरोबर ऐकू आलं होतं.

बाबा

२२ डिसेंबर

ठमे,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. म्हणजे होती. रोज पत्रांची पेटी उघडतो, आणि वहिनी खिडकीतून बघतात.

आता मोज्यांच्या खणातलं कानाचं यंत्र घालतो. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. उजव्या कानात काहीच नाही, डाव्यात आवाज येतो पण शब्द होत नाहीत. डब्यात खडे हलवावेत तसं. वहिनींचं बोलणं आणि नळाचं पाणी मला आता सारखंच वाटतं. हे त्यांना सांगितलं नाही.

एकच गोष्ट मागतो. पहिल्या पत्रात मी ताज्या कलमात, सहज विचारतोय म्हणून, विचारलं होतं. सहज नव्हतं. आई गेल्यावर तू नऊ दिवस राहिलीस. निघताना बॅग उचललीस, दार उघडलंस आणि वळून मला काहीतरी विचारलंस. विचारलंस हे नक्की, कारण तू थांबलीस. मी तुझ्या ओठांकडे बघत होतो, पण तुझे डोळे भरले होते आणि मला ओठांऐवजी डोळेच दिसले. कोपराला टिचकी आली नाही. मी तिन्हींतलं एक वाक्य ठेवून दिलं. म्हणालो, "नको आता." तुझा चेहरा पडला. तू गेलीस.

मला वाटलं, तू 'चहा करून देऊ का' किंवा 'सोडायला येता का' असलं काही विचारलं असशील. पण चहासाठी कोणाचा चेहरा असा पडत नाही.

काय विचारलं होतंस? कितीही वाईट असो, लिही. नंतर पुन्हा कधी लिहिलं नाहीस तरी चालेल. तेवढं एक लिही.

बाबा

९ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं. मी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. आता तुझी वाक्यं इथं पुन्हा लिहून काढतोय, माझ्या हाताला पटावं म्हणून.

'बाबा, आईनं मला दवाखान्यात सगळं सांगितलं होतं. कानाचंही आणि चौकशीच्या दिवसाचंही. म्हणाली, शपथ मोडतेय, पण हे बरोबर घेऊन जाणार नाही. मला वाटलं, ती गेल्यावर तुम्ही आपण होऊन सांगाल. नऊ दिवस वाट बघितली. निघताना दारात विचारलं, बाबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का? तुम्ही म्हणालात, नको आता. मोठ्यानं विचारायला हवं होतं, ते मला माहीत होतं. पण आवाज फुटत नव्हता. गाडीत बसल्यावर वाटलं की तुम्हाला ऐकू आलं नसेल. मग वाटलं, आलं असेल तर? परत येऊन विचारायची हिंमत झाली नाही. तीन महिने मी त्या दोन शब्दांशी भांडतेय. आता भांडायला काही उरलं नाही, तर नुसतं रडू येतं. कारखान्यात मी परत येणार नाही. घरी यायचं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तोवर लिहीत जा.'

एवढंच होतं तर! तू मला दार उघडून दिलं होतंस. सगळं माहीत असून, माझ्याच तोंडून यावं म्हणून थांबली होतीस. आणि मी म्हणालो, नको आता. तिन्हींतलं दुसरं कुठलंही वाक्य निघालं असतं तरी तू आत आली असतीस. 'बरं' म्हणालो असतो तर तू बॅग खाली ठेवली असतीस. 'बघू' म्हणालो असतो तरी थांबली असतीस.

घरी यायचं का ते तू ठरव. घाई नाही. मी लिहीत जाईन.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी दारात गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. तू उभी होतीस ती फरशी मला ठाऊक आहे, बॅगेच्या चाकाचा चरा आहे तिच्यावर. तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हो. आहे. सांगायचंय मला."

किती मोठ्यानं म्हणालो ते मला कळलं नाही. समोरचं दार उघडलं. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या, मागून त्यांचे यजमान, वरच्या मजल्यावरून आणखी दोघं वाकून बघायला लागले. वहिनींनी माझ्या खिशातून वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'काय झालं? कोणाला हाक मारताय?'

मी म्हटलं, "हाक नाही. मुलीनं काहीतरी विचारलं होतं, तिला उत्तर दिलं."

वहिनींनी जिन्याकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

तुझा,
बाबा